स्पॅममधल्या आक्का

आक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका माणसाची मान धरून त्याचं डोकं प्रिंटरवर आपटत होत्या. मी नोकरीच्या मुलाखतीला आले होते. हातात फाइल, अंगावर इस्त्रीचा ड्रेस, आणि कागलहून एसटीत उभं राहून आल्यामुळे घामेजलेलं कपाळ. दारातच थिजले. त्या माणसाच्या नाकातून रक्त गळून पांढऱ्या कागदांवर पडत होतं आणि आक्का अगदी सावकाश, भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात त्याला विचारत होत्या, "धा हजार लोकास्नी मेल धाडली म्हणतोस. मग एकबी का बोलंना? मुकी हाईत व्हय सगळी?"

"गेल्यात ओ आक्का, आईशप्पथ गेल्यात," तो कळवळून म्हणाला. "मधी कुणीतरी अडवायलंय!"

नुसतं सुटण्यासाठी फेकलेलं वाक्य होतं ते. पण आक्कांनी त्याची मान सोडली. क्षणभर खिडकीबाहेर बघितलं. मग पदराला हात पुसत माझ्याकडे वळल्या. "तू कोण? मेल धाडाय येती काय तुला? बस मग." मी बसले. तीच माझी मुलाखत. पळून का गेले नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आक्कांची फाउंड्री होती. पंपांचे आणि व्हॉल्व्हचे लोखंडी भाग तिथं ओतले जायचे. आक्का उंच, हाडापेरानं मजबूत. सुती साडी वर खोचलेली आणि पायांत कामगारांचे जाड बूट. माहेर निपाणीकडचं, म्हणून आक्का. नाव कुणी घेत नसे. आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तसं 'मी आलो, मी बगतो' बोलायच्या, आणि त्यांच्या तोंडी ते इतकं शोभायचं की 'मी आले' त्या म्हणाल्या असत्या तर मीच दचकले असते.

त्यांचा हात आधी उठायचा, तोंड मागून सुटायचं. "बोलून कळतंय त्येला माणूस म्हणत्यात," असं त्या म्हणायच्या, "मला अजून गावायचाय तसला." एकदा एक सुपरवायझर दुपारीच झोकून कामावर आला. आक्कांनी त्याला केसांना धरून पाण्याच्या टाकीपर्यंत फरफटत नेलं आणि त्याचं डोकं पाण्यात दाबून धरलं. त्याचे पाय झाडले जाऊ लागले तेव्हा कुठं वर काढलं. "भट्टीम्होरं झिंगत उभारलास तर जळून मरशील," त्या त्याला म्हणाल्या. "त्यापरास मीच मारतो, सोपं जाईल तुला." तो माणूस पुन्हा पिऊन आला नाही. त्यांच्या मारण्याचं मी समर्थन करत नाही. पण त्या दिवशी त्याचा डबा टाकीत भिजला म्हणून त्याला आपल्या ताटातली भाकरी मोडून देताना मी त्यांनाच पाहिलं.

हा हात त्यांना कुठून मिळाला ते इलाहीचाचांनी मला सांगितलं. इलाहीचाचा भट्टीवरचे सगळ्यांत जुने कामगार. आक्कांचे यजमान होते तेव्हापासूनचे. "मालक लई मारायचं तिला," ते म्हणाले. "मंगळवार पेठंत घर. पट्ट्याचा आवाज बोळातनं ऐकू यायचा. एक दिवशी तिनं पट्टाच हिसकून घेतला. मालक कॉटखाली शिरलं, तरी थांबली न्हाई. दुसऱ्या दिवसापास्नं मालक तिला संगंच घिऊन कारखान्यात याय लागलं." आणि चाचा हसले होते. "म्हणायचं, हितं चार माणसं तरी असत्यात, इलाही."

असं आक्का ओतकाम शिकल्या. यजमान हार्ट अटॅकनं गेले आणि धाकट्या दिरानं एका रात्रीत कुलपं बदलली. जुन्या कंपनीचं नाव, वेबसाइट, मेलचे पत्ते, सगळं दिराच्या ताब्यात गेलं. वाटणीच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांदेखत आक्कांच्या थोबाडीत मारली. आक्कांनी त्यांच्या कानाला चावा घेतला. माणसांनी ओढून सोडवलं तेव्हा दोघंही रक्तानं माखले होते. मग आक्कांनी एमआयडीसीच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची भट्टी पेटवली. इलाहीचाचांसकट अर्धे कामगार त्यांच्याकडे आले. नवं नाव, नवा बोर्ड, नवं डोमेन. आणि त्या नव्या डोमेनवरून गेलेली एकही मेल कुणी उघडत नव्हतं. आमच्याकडे मेलचं अनेकवचन 'मेली' असं करतात. "बराबर हाय की," आक्का म्हणायच्या. "आपली जाती ती मेलीच."

नोकरीच्या दुसऱ्या दिवशी, मी अजून कॉम्प्युटरचा पासवर्ड शोधत होते तेवढ्यात, आक्का लोखंडी सळई घेऊन आल्या. "चल कागलकरीण. धाकट्याच्या हापिसात जायाचं हाय. त्येच्या कंप्युटरात आपल्या मेली अडकल्यात, त्या काढून घेऊ." मी म्हटलं, असं नसतं आक्का. पण तोपर्यंत त्यांनी मला जीपमध्ये बसवलेलं होतं.

पुढचं सगळं फार झटकन झालं. गेटवरच्या वॉचमननं काठी आडवी घातली. आक्कांनी ती हिसकून त्याच्याच तोंडावर मारली आणि तो खाली बसून दात चाचपू लागला. काचेचा दरवाजा सळईच्या एका घावात खाली आला. आतली माणसं टेबलांखाली शिरली. धाकटे आपल्या केबिनमधून धावत बाहेर आले. गोरे, बुटके, एका कानाची पाळी तुटलेली.

"वहिनी, खुळी झालीस काय?"

"माझ्या मेली सोड!"

"कसल्या मेली?"

"आणि वर कसल्या म्हणतोस व्हय!" आक्कांनी मॉनिटर उचलून त्यांच्या पायांवर घातला. काचांनी स्वतःचा हात कोपरापर्यंत फाटलाय, याचं त्यांना भानही नव्हतं. मी मात्र धाकट्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो माणूस संतापला होता, घाबरला होता, पण त्याला खरोखरच काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या डोमेनवरून माझ्याच जीमेलला एक मेल पाठवली. ती स्पॅममध्ये पडली. आणखी चारचौघींच्या पत्त्यांवर पाठवली, तिथंही तेच. मग मी सगळं उकरून बघितलं. मेल कुणीच अडवलेली नव्हती. त्या प्रिंटरवाल्या माणसानं कुठूनतरी पत्त्यांची यादी विकत आणली होती आणि डोमेन घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्या सगळ्यांवर मेलचा भडिमार केला होता. अर्धे पत्ते बंद पडलेले. उरलेल्यांना आम्ही कोण ते ठाऊक नाही. त्यांनी सरळ 'स्पॅम' म्हणून कळवलं. त्यात डोमेनच्या खरेपणाच्या ज्या नोंदी करायच्या असतात त्यांतली एकही त्यानं केलेली नव्हती. जगातल्या सगळ्या मेलवाल्यांनी आमच्यावर फुली मारली होती, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

हे सांगायला मी आक्कांकडे गेले. त्यांच्या हाताला टाके पडलेले, पट्टी बांधलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे कुणी अडवलंच न्हवतं?"

"नाही आक्का."

"मग मी धाकट्याचं हापिस का फोडलं?"

त्यांचा चांगला हात वर उठला. मी डोळे मिटले. काहीच झालं नाही म्हणून उघडले, तर तो हात त्यांनी आपल्याच मांडीखाली दाबून धरला होता.

दोन्हीकडून पोलिसांत तक्रारी गेल्या. पण धाकट्यांचा राग पोलिसांनी भागणारा नव्हता. त्याच आठवड्यात, इलाहीचाचा कामावरून सायकलनं घरी निघाले असताना हायवेच्या सर्व्हिस रोडला त्यांना चौघांनी गाठलं. "आक्काला सांग, हे काचेच्या दाराबद्दल," असं म्हणून त्यांनी पाइपांनी त्यांचा पाय फोडला. नडगी कातडीतून बाहेर आली होती. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना उचलून सरकारी दवाखान्यात आणलं.

आम्ही पोचलो तेव्हा वॉर्डाबाहेर आमचे साचे करणारे सगळे मोल्डर जमले होते. कुणाच्या हातात सळई, कुणाच्या हातात हातोडा. नुसतं 'चला' म्हणायची खोटी होती. आक्का आत गेल्या. चाचा वेदनेनं काळेनिळे पडले होते, तरी त्यांनी आक्कांचा पदर धरला.

"बाहीर पोरं कशाला आल्यात ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "पाय मोडलाय माझा, डोस्कं न्हाई. तू आज गेलीस तर उद्या आणि एकाचा मोडंल. माझ्या नावानं जाऊ नगो."

आक्का बाहेर आल्या. पोरं वाट बघत उभी. त्यांनी भिंतीवर मूठ मारली. पुन्हा मारली. पट्टी लाल होऊन टाके उसवेपर्यंत मारत राहिल्या आणि कुणाचीही त्यांना धरायची छाती झाली नाही. मग म्हणाल्या, "घरला जावा. सकाळी भट्टी लावायची हाय." आणि तिथंच फरशीवर बसल्या.

त्यानंतर आक्का माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसायला लागल्या. आता मारण्यासारखं समोर कुणीच नव्हतं आणि त्याचाच त्यांना फार त्रास व्हायचा. मी त्यांना एकेक गोष्ट समजावत गेले. आमच्या नावानं मेल पाठवायचा हक्क कुणाला आहे ते डोमेनच्या नोंदीत लिहून ठेवलं. प्रत्येक मेलवर न दिसणारी मोहोर बसेल अशी सोय केली, म्हणजे मेल वाटेत कुणी बदलली तर समोरच्याला कळावं. मग डीमार्क आलं. आमच्या नावानं भलत्याच कुणी मेल पाठवली तर तिचं काय करायचं, हे आपण आधीच सांगून ठेवायचं असतं.

"इचारत्यात काय त्यात? गाडा म्हणावं."

"आधी नुसतं बघत राहायचं असतं, आक्का. आपल्या खऱ्या मेल नीट जातायत ना, ते पटल्यावर मग कडक व्हायचं."

"नुसतं बगत? मी?"

पण बसल्या बघत. खरी परीक्षा तर पुढंच होती. नाव एकदा बिघडलं की ते हळूहळूच सुधारतं. विकतची यादी मी फेकून दिली. रोज मोजक्याच मेल, त्याही फक्त ओळखीच्या जुन्या गिऱ्हाइकांना. त्यांनी उघडल्या, उत्तर दिलं, की आमची पत थोडी वर. मजकूर आक्का सांगायच्या. "लिही, आंधळा हाईस काय रं? मालकाच्या मयताला रडलास आणि आता वळख दीना झालास व्हय?" मी इंग्रजीत लिहायचे, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. त्या पडद्याकडे संशयानं बघायच्या. "लई थोडं लिवलंस."

शेवटी त्यांना राहवेना. यजमानांच्या वेळच्या सगळ्या गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः फोन लावायला सुरुवात केली. इंग्रजी येत नव्हतं, त्याची पर्वा नव्हती. इटलीचे एक म्हातारे गिऱ्हाईक होते. पूर्वी कारखान्यात येऊन आक्कांच्या हातचा तांबडा रस्सा पिऊन गेलेले. त्यांना फोन लागल्यावर आक्का भट्टीच्या आवाजात ओरडल्या, "हॅलो! मी आक्का! आय ॲम इन स्पॅम! यू गो इनसाइड! यू टेक मी आऊट!" पलीकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. थोड्याच वेळात त्यांची मेल आली. त्यांनी आमच्या सगळ्या मेल स्पॅममधून बाहेर काढल्या होत्या, पत्ता जपून ठेवला होता, आणि व्हॉल्व्हच्या नव्या नमुन्याचं ड्रॉइंग जोडलं होतं. आक्कांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की दोन दिवस मला सरळ झोपता आलं नाही.

हळूहळू बाकीचेही बोलते झाले. इटलीची ऑर्डर आली. पण हे म्हातारे गिऱ्हाईक तोवर धाकट्यांकडून माल घेत होते.

त्या ऑर्डरचं पहिलं ओतकाम चाललं होतं त्या सकाळी धाकटे माणसं घेऊन कारखान्यात घुसले. "गिऱ्हाईक पळीवतीस माझं?" असं म्हणेपर्यंत त्यांच्या माणसांनी समोरच्या मोल्डरच्या खांद्यात पाइप घातलासुद्धा. तो पडला तो पाण्याच्या पिंपावर. पिंप कलंडून पाणी जमिनीभर झालं. साचे फुटले, वाळू उडाली, दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या उरावर बसली. मी ऑफिसच्या पायरीवरून सगळं बघत होते.

आक्का भट्टीजवळ होत्या. हातात लांब दांड्याचा लाडल, त्यात वितळलेलं लोखंड, उन्हासारखं पांढरं. धाकटे थेट त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, बहुतेक हातात काय आहे ते न बघताच. आक्कांनी लाडल छातीपर्यंत उचलला. धाकट्यांनी तोंडापुढं हात धरला.

आक्कांनी ते लोखंड खाली ओतलं, दोघांच्या मधल्या जमिनीवर.

जमीन ओली होती. वितळलेलं लोखंड पाण्यावर पडलं की काय होतं ते फाउंड्रीतल्या पोरासोरालाही ठाऊक असतं. फटाक्यांच्या दुकानाला आग लागावी तसा आवाज झाला. ठिणग्या छपराला लागल्या. मारायला आलेली माणसं दाराकडे पळाली. धूर खाली बसला तेव्हा आक्का जमिनीवर होत्या. लोखंडाचा एक ओघळ वरून त्यांच्या बुटात शिरला होता. मांस जळाल्याचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. आणि गुडघ्यांवर बसून, उघड्या हातांनी त्यांचा बूट ओढून काढत होते ते धाकटे. त्यांच्या बोटांची कातडी बुटाला चिकटून निघाली. बूट निघाल्यावर ते उठले, आपल्या हातांकडे बघितलं आणि चालत निघून गेले.

पोलिसांना आक्कांनी जबाब दिला, "जमीन वल्ली हुती. पाय घसारला." चाचांना मारणाऱ्यांची केस त्यांनी मागं घेऊ दिली नाही, ती अजून चालू आहे. पण त्या सकाळचं नाव त्यांनी कधी कुणापुढं काढलं नाही. मी एकदाच विचारलं, दवाखान्यात त्यांची उशी सरळ करताना. तोंडावरच का नाही टाकलं?

"टाकणारच हुतो," त्या म्हणाल्या. "पर त्येनं तोंडाफुडं हात धरला बग. आमच्या मालकानं कॉटखाली असाच धरलता. दोगांचा हात सारखा. ते तवा मला दिसलंच न्हवतं." आणि भिंतीकडे तोंड केलं.

ती जखम भरलीच नाही. आक्कांना शुगर होती. आधी बोटं गेली, मग पाऊल, मग किडन्या. कुबडी घेऊनही त्या कारखान्यात यायच्या आणि कुबडीनंच मारायच्या. पण इलाहीचाचांना त्यांनी गेटवर खुर्चीचं काम दिलं होतं, आणि रोज येताना त्या खुर्चीपाशी थांबायच्या. दोन लंगडे एकमेकांच्या पायांची चौकशी करायचे. मग आक्का आत येऊन शिव्या द्यायला सुरुवात करायच्या.

गेल्या त्या भरदुपारी, डायलिसिसच्या खुर्चीत. मुलगी वैशाली पुण्याहून येऊन पोचायच्या आत. तिच्या सांगण्यावरून मी सगळ्या गिऱ्हाइकांना मेल केली. प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये ती पोचली असणार, कारण प्रत्येकाचं उत्तर आलं. इटलीच्या म्हाताऱ्यांनी लिहिलं, इतक्या प्रेमानं माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जनाला निम्मी एमआयडीसी लोटली. सगळे कुजबुजत होते, सख्खा दीर असून आला न्हाई बगा, काळीज हाय का दगड.

सगळे दिवस झाल्यावर मी ऑफिस उघडलं. साठलेलं आवरता आवरता स्पॅमचा कप्पा रिकामा करायला घेतला. लॉटऱ्या, कर्जं, औषधं. त्यांच्यामध्ये एक मेल होती, कुठल्याशा नव्याच पत्त्यावरून, पहिल्यांदाच आलेली. तारीख आक्का गेल्या त्याच दिवसाची. मेल धाकट्यांची होती; आमच्या सगळ्यांच्या फोनवर त्यांचा नंबर बंद केलेला होता. त्यांनी लिहिलं होतं, "वहिनी गेल्याचं कळलं. रक्षाविसर्जनाला येऊ का? कुणी हाणलं तरी मी हात उचलणार नाही. उत्तराची वाट बघतो."

मी वैशालीला फोन केला. "इलाहीचाचांना दाखव," म्हणाली. "पाय त्यांचा मोडलाय. ते म्हणतील तसं."

मी लॅपटॉप उचलून गेटवर गेले आणि चाचांना मेल वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. हाताची बोटं मोडत बसले. हायवेवरून उसाच्या गाड्या जात होत्या.

"लिही," शेवटी म्हणाले. "या म्हणावं. मी गेटवर हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे एकटेच आले, चालत. केस पार पांढरे झालेले, दोन्ही हातांची बोटं आखडलेली. गेटपाशी येऊन थांबले. चाचांकडे बघवेना म्हणून जमिनीकडे बघत राहिले. इलाहीचाचा काठीला रेटा देत खुर्चीतून उठले. ज्याला जुन्या कारखान्यात वर्षानुवर्षं 'मालक' म्हणून हाक मारली त्या माणसासाठी त्यांनी गेट स्वतः ओढून उघडलं.

"या पावणं," ते म्हणाले. "आत या."